गाळणं

अव्वा विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची.
मग फडकं उलटं धरून, वरून गाळलेलंच पाणी ओतत,
अडकलेले जीव परत विहिरीत सोडायची
पायरीवर वाकून, हळू.
म्हणायची, ज्याचं घर त्याला.

त्याच विहिरीच्या काठावर दस्तगीर पंप विसळायचा.

शिरोळकडच्या काळ्या रानात आमची वांगी,
दीड एकर, मार्केट यार्डात नजर लागावी अशी.
शेंडा वाकला की अण्णा कुरुंदवाडला जात.
दुकानदार फळीवरून बाटली काढे : "नवं औषध आलंय."
आमच्याकडं ह्यालाच औषध म्हणतात. माणसाची ती गोळी.
बाटलीवर लाल त्रिकोण
आणि मुंगीच्या पायाएवढी अक्षरं,
त्यात कुठंतरी, इतके दिवस तोडू नका.
संध्याकाळी फवारणी, उजेडात जेवण, पहाटे तोडणी.
घरासाठी दोन सरी मात्र वेगळ्या.
त्यांच्यावर पंप जात नसे.
हे कुणी कधी बोललं नाही. सरी फक्त होत्या.

नोजल तुंबलं की दस्तगीर ते काढून तोंडानं फुंकायचा.
पाय अनवाणी. रुमाल होता, पण डोक्याला.
त्या दिवशी सकाळपासून चालू होतं, आणि वारं उलटं.
दुपारी सरीतच बसला.
"उजेड कमी झालाय काय ओ?"
ऊन तर मी म्हणत होतं.
तोंडाला लाळ, अंगभर घाम,
डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या.

सीपीआरमध्ये नर्सनं त्याचा शर्ट कात्रीनं कापून काढला,
विचारलं, बाटली आणलीत का?
आम्ही एकमेकांकडं बघितलं.
चार माणसं, एक जीप, त्याची चप्पलसुद्धा आणली होती,
जी तो रानात घालत नव्हता.

चौथ्या दिवशी त्यानं चहा मागितला.

पाचव्या दिवशी अव्वा घागर भरून बसली,
फडकं मांडीवर, घडी न मोडता.
"ह्यात जीव अडकतोय," ती म्हणाली,
"ते अडकतंय होय?"
अण्णा उठून गोठ्याकडं गेले. गोठ्यात काही काम नव्हतं.

पुढल्या हंगामात वांग्यात नरसाळ्यासारखे सापळे टांगले.
मादीच्या वासाची एवढीशी गोळी,
नर पतंग तिच्या मागं येतो आणि पिशवीत पडतो.
अव्वाला पटेना. फसवून मारायचं, हे बरं काय?
अण्णा म्हणाले, "बरं नव्हं. कमी."

वाकलेले शेंडे मी कात्रीनं कापायची,
टोपलीभर झाले की खड्ड्यात पुरायची.
माव्यासाठी निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या
आणि सकाळी अर्क गाळायला फडकंच सापडेना.
अव्वानं काही न बोलता आपलं काढून दिलं.
ते मग पाण्याला चाललं नाही,
किती धुतलं तरी कडू.

यार्डात दलालानं भोक पडलेलं एक वांगं
दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं.
त्या साली दर कमी मिळाला, हे लपवण्यात अर्थ नाही.
अण्णांनी ते वांगं खिशात घालून घरी आणलं.

दस्तगीर आता पंप उचलत नाही. हात थरथरतो.
संध्याकाळी सापळ्यांतले पतंग मोजतो
आणि मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं लिहितो :
नऊ. चौदा. सहा.
सहाचा आकडा वाकडा येतो.

परवा अव्वानं भाजीला वांगी आणायला सांगितली.
मी बांधावर उभी राहिले बराच वेळ.
घरासाठीच्या दोन सरी कुठल्या,
मला ओळखू येईनात.