बारातलं एक

कन्नमवार नगर, बिल्डिंग एकशे सदतीस.
गच्चीवर, टाकीच्या सावलीत आम्ही सतरंजी अंथरतो.
सर्वपित्री झाली की पुढचा रविवार. ठरलेला.
कावळे अजून पाइपवर बसलेले,
खीर संपली हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

हस्त बाकी आहे.
खाडीकडून वारा येतो तो कोमट, चिखलाचा वास घेऊन,
आणि ऊन मानेवर असं बसतं
की वाघधरे म्हणतात, मेथी आत्ता टाकाल तर जळेल.
सोनं वाटून होऊ दे. मग.

बिया कशाकशातून येतात:
लग्नपत्रिकेच्या पाकिटातून गवार,
व्हिक्सच्या डबीतून अबोली,
केमिस्टच्या इवल्या पुडीतून लाल माठ,
वर अजून लिहिलेलं, सकाळी एक, रात्री एक.
झुलेखा मुकादम महाडचे वाल
ओढणीच्या टोकाला बांधून आणते,
गाठ दातांनी सोडते.
राखेत ठेवले होते, म्हणते.
गॅसच्या घरात राख कुठली गं?
लोबानाची. दर गुरुवारची. साठवते वर्षभर.

मग भांडण, मावा पडला तर काय.
तंबाखूचं पाणी, आंबट ताक, साबण.
हिराबाई कडू सगळं ऐकून घेते आणि म्हणते,
बोट.
सकाळी उठायचं, पान उलटायचं, चिरडायचं.
औषध कसलं डोंबलाचं.

तुळसकर उशिरा आले. हात रिकामे.

पस्तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस.
त्यांचा जांभळ्या शेंगांचा घेवडा,
आईने वेंगुर्ल्याहून पदरातून आणलेला,
ते मोजून बारा-बारा द्यायचे, पुडीवर छापल्यासारखं अक्षर.
गेल्या वर्षी तो उगवला नाही. कोणाचाच नाही.
जिन्यात कुजबुज झाली:
उकळत्या पाण्यातून काढून देतो म्हणे.
बी द्यायचं, वंश नाही द्यायचा.

सतरंजीच्या कडेला बसून ते म्हणाले,
डबा कोरडा राहावा म्हणून पावसाळाभर
फ्रिजच्या मागे ठेवला होता. गरम जाळीपाशी.
माझ्याही तीन कुंड्या.
दिवाळीपर्यंत रोज नुसती माती बघत होतो.
खिळे झिजले तर वितळवून परत ओतता येतात, म्हणाले,
आणि पुढचं बोललेच नाहीत.

वाघधरेंनी एकदम टाकीचा नळ तपासायला घेतला.
झुलेखा रिकामी गाठ पुन्हा बांधत बसली.

माझ्या बारातलं एक उगवलं होतं.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.
जिन्यातली कुजबुज मी ऐकली होती, मान हलवली होती,
आणि वर येऊन खिडकीच्या ग्रिलवर चढणाऱ्या वेलाला
हळूच सुतळी बांधली होती.
सगळ्यांचं गेलेलं असताना आपलं एक असणं,
खोटं कशाला बोलू, गोड लागतं.
शेंगा धरल्या तेव्हा मी आतून पडदा ओढून घ्यायची.

चष्म्याची डबी उघडून त्यांच्यापुढे धरली.
चौसष्ट होते.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
एक दाणा नखावर घेतला, उलटा केला,
उलटंच वाचायची सवय असते त्या लोकांना,
आणि त्याचा पांढरा डोळा बघत राहिले.
मग बारा मोजले. फक्त बारा.
उरलेले माझ्याकडे सरकवले:
यांना वाटा.

फ्रिजपासून लांब ठेवा म्हणजे झालं, हिराबाई म्हणाली,
आणि सगळे हसले, तुळसकर सगळ्यात शेवटी.

पुडी मी बांधली. वर घाईत लिहिलं:
जाभंळा घेवडा.
त्यांनी खिशातली पेन्सिल काढली,
थुंकी लावून अनुस्वार पुसला,
आणि एक अक्षर मागे, त्याच्या जागी,
टोकाने दाबून पेरला.