परगणा क्रमांक ४१७

ऐरोलीच्या सातव्या मजल्यावर बसून
मी बंडं लिहिते.
पगारपत्रकावर याला ‘कंटेंट’ म्हणतात.
असंतोष सत्तरच्या वर, शिबंदी दोनशेच्या खाली,
सलग दोन वर्षं मीठ-कर दुप्पट,
की दर महिन्याला एक न दिसणारा फासा पडतो
आणि कधीतरी, पौषात नाहीतर वैशाखात,
नकाशाचा एक तुकडा
उकडलेल्या चिंबोरीसारखा लाल होतो.

खिडकी उघडते. तीन बटणं.
कर माफ करा: खजिना उणे पन्नास.
घोडदळ पाठवा: असंतोष अधिक दहा, पण पुढच्या वर्षी.
म्होरक्याला वतन द्या.
हे तिसरं माझं लाडकं. त्यात आवाज होत नाही.

चारशे सतरा सगळ्यात भांडखोर.
खाडी, मिठागरं, एक पडका बुरूज,
माणसं नऊ हजार, सगळी एकाच आकड्यात.
चाचणीवाल्या देवव्रतची तक्रार:
फार वेळा पेटतो,
राजधानीतली सोयरीक अर्धवट सोडून
खेळणाऱ्याला इकडे धावावं लागतं, मजा जाते.
मी शक्यता वीसवरून खाली आणली,
सहज, हाताला आला तो आकडा:
साडेबारा टक्के.

गोठिवलीत मी राहते ती गल्ली
दोन छत्र्या शेजारी उघडता येणार नाहीत एवढी.
रविवारी काथोडदादा मढवी भाड्याला आले,
रोख, नेहमीसारखे दारातच उभे.
लॅपटॉपवर चारशे सतरा जळत होता.
“यो कंचा गाव?”
खोटा आहे, म्हटलं. खेळातला.
“मंग लाल कनाला झायला?”

सांगितलं सगळं. कर, शिबंदी, फासा.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
पडद्याला नाक लावून तिन्ही बटणं वाचली,
बोट प्रत्येकाखालून ओढत,
सुक्या बोंबलाचा वास मागे ठेवत.
“आन आमी कंचा दाबाचा?”

तुम्ही राजा आहात दादा, मी म्हटलं.
“मी?”
हसता हसता खोकला लागला, पाणी दिलं.
मग पायरीवर टेकून बोलले,
माझ्याकडे न बघता, समोरच्या मीटरच्या पेटीकडे बघत.
बापाचा सर्वे नंबर बावन्न, भाताचा.
तिथे आता गाड्या धुतात.
ठाण्याच्या जेलात अकरा रात्री,
शेजारी दिव्याचा एक पोर, सतरा वर्षांचा,
रोज पहाटे उठून विचारायचा,
आपला गाव अजून हाय ना?
“ठराव साडेबाराचा,
हातान परला पावनेनव.
तवर बाप गेलता.”

माझ्या कानात नुसता तो आकडा राहिला.

उठताना त्यांनी विचारलं,
तुझ्या खेळात बंड संपतं कसं?
कुणी काहीच केलं नाही तर, मी म्हटलं,
तीन वर्षांनी आपोआप विझतं.
रंग परत हिरवा होतो.
बराच वेळ ते गप्प.
खाली कुणीतरी स्कूटर काढत होतं,
चाक गटाराच्या फरशीवर दोनदा घसरलं.
“ह्यां बराबर लिवलंस,” ते म्हणाले,
आणि पैसे न मोजताच बंडीच्या खिशात टाकले.

सोमवारी मी चौथं बटण केलं.
राखाडी. त्यावर एकच ओळ: आम्ही इथेच आहोत.
खजिना, असंतोष, प्रतिष्ठा, कशालाच धक्का नाही.
देवव्रतने संध्याकाळी दोष नोंदवला:
चौथं बटण दाबलं जात नाही.
मी लिहिलं, माहीत आहे,
आणि नोंद बंद केली.
पुढच्या आवृत्तीत ते राहील का,
मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

काथोडदादांनी या महिन्यापासून
भाडं पाचशेने वाढवलं.
असंतोष: बारा.
शिबंदी: त्यांचे दोन मुलगे,
संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी
कॅरम खेळत बसलेले.