चार पॉइंट चार

कास्त्रोच्या बंदर कचेरीत
शेगडीत ओलं लाकूड धुमसतंय
आणि पडद्यावर सकाळपासून एकच जप:
शोधतो आहे… नाही.
शोधतो आहे… नाही.

एवारिस्तो मान्सियानं अठरा वर्षं भरती-ओहोटी मोजली.
कागदावर नाही. इथं कागदाला महिन्याभरात बुरशी येते.
त्यानं सबव्हर्जनमध्ये लिहिलं, दिवसातून दोनदा,
धक्क्यावरून वर येऊन, ओल्या बोटांनी
(त्या कीबोर्डचा एंटर अजून चिकटतो).
मागच्या हिवाळ्यात तो गेला.
नवं मशीन आलं, वही हुंगून म्हणालं,
बर्कली डीबी? ते आम्ही केव्हाच सोडलं.

तर मग बांधा आता मुळापासून.
सोर्स उतरवला, उघडला, कॉन्फिगर म्हटलं.
एपीआर हवं. घे.
एपीआर-यूटिल हवं. घे.
त्याला एक्सपॅट. आहे की!
हेडर कुठंय?
म्हणजे माणूस दारात उभा, ओळखपत्र घरी.

मग सर्फ. नावावरून वाटतं तसं
धुण्याशी त्याचा काही संबंध नाही.
सर्फला स्कॉन्स लागतं,
स्कॉन्सला पायथन, तोही जुना,
आणि जुना पायथन नव्या ओपनएसएसएलशी
एक अक्षर बोलत नाही.
कधी, कशावरून बिनसलं, कुणी लिहून ठेवलेलं नाही.

सान्तियागोहून लिसांद्रो फोनवर हसतो,
"दोन मिनिटांचं काम, एलिआना."
हाक बाबा, उंटावरून हाक शेळ्या.
त्याच्या दोन मिनिटांत माझा बुधवार गेला,
गुरुवारही अर्धा.

गुरुवारी ओतिलिया लादी पुसायला आली.
माझे पाय वर करायला लावून तिनं विचारलं,
"ते सर्फ सर्फ काय करतेस, कशाला लागतं ते?"
लांबच्या सर्व्हरशी बोलायला, मी म्हटलं.
"आणि एवारिस्तोची वही कुठंय?"
इथंच. ह्या टेबलाखाली. ह्याच डब्यात.
ती काही बोलली नाही.
फडकं पिळलं, बादली उचलली, गेली.

विदाउट-सर्फ.
एवढंच टाइप केलं
आणि घोडं जिथं पेंड खात होतं तिथून उठलं.
ओळी धडाधड खाली सरकल्या,
इशारे आले, त्यांना कोण विचारतो,
शेवटी प्रॉम्प्ट. गप्प, सभ्य.

वही उघडली.
तुमचं चार पॉइंट आठ, हिचं चार पॉइंट चार. जमणार नाही.

रडले नाही. माते प्यायले,
कडू, तिसऱ्यांदा पाणी घातलेलं.
त्याच्या खणात दोऱ्याचं रीळ, एक तुटका चष्मा,
गंजलेली मोजपट्टी, आणि तळाशी एक सीडी.
कव्हरवर त्याचं तिरकं अक्षर:
"जो कोणी असशील, चार पॉइंट चारच.
आठ चालत नाही. माझे दोन दिवस गेले."

बाहेर पाणी चढत होतं,
खांबांवरच्या घरांचे गुडघे बुडाले होते.
आत तेरा हजार शहाऐंशी नोंदी
एकामागून एक जुन्या घरातून नव्या घरात जात होत्या.
बेटावर घर हलवतात तेव्हा
शेजारी बैल आणतात, दोर धरतात,
खिडक्यांसकट अख्खं घर ओढत नेतात;
मला त्या दिवशी बैल मिळाले नाहीत.

मधूनच एखादी नोंद नजरेला अडकायची.
"वारा. पट्टी दिसली नाही. अंदाजानं लिहिलंय, माफ करा."
कुणाची माफी मागत होता?
"पोटात दुखतंय. पाणी नेहमीचंच."

पाचला लिसांद्रोचा फोन आला, झालं का?
झालं, म्हटलं. दोन मिनिटं लागली.

मग रीडमी लिहायला बसले.
लागणाऱ्या गोष्टी: एपीआर, एपीआर-यूटिल, एक्सपॅट हेडरसकट,
बर्कली डीबी चार पॉइंट चार, सीडी डाव्या खणात.
सर्फ नको.
थोडा वेळ थांबले, एंटर दोनदा दाबला
आणि खाली लिहिलं: ओतिलिया,
मंगळवार आणि गुरुवार, चारनंतर.