डोरीनचा फोटो, शेफील्ड

तीन रिफ्लेक्टर काढून ठेवले होते टेबलावर.
सात इंची वाटी, रोजच्या वापरातली, काठाला पोचा आलेली.
एक खोल, लांब गळ्याची, उजेड दूरवर फेकणारी.
आणि पांढऱ्या पोटाची पसरट परात,
जी सगळ्यांनाच थोडं माफ करते.

ब्याऐंशीच्या डोरीन हॅटर्स्लीला
परातच बरी, असं मी धरून चाललेले.
या वयाच्या बाईवर
कोण सोडतं उघडा फ्लॅश?

तिने चष्मा कपाळावर सारला
आणि एकेका वाटीच्या आतून अंगठा फिरवला,
बाळाच्या टाळूत तेल जिरलं का पाहावं, तसा.

"याच इमारतीत चमचे घासायचे मी.
खालच्या मजल्यावर, पंधराव्या वर्षापासून,
पोटाला तपकिरी कागद बांधून.
ही खोल वाटी नीट उतरलीय.
पण हिच्यावर कुणी घाईत हात मारलाय?
रेघा राहिल्यात. उजेड अडखळेल."

मी म्हटलं, खोल वाटीत काही लपत नाही हं.
ओठावरची लवसुद्धा दिसते.
सावलीची कड पडते सुरीसारखी.

"सुरीसारखी?" ती पहिल्यांदाच हसली.
"मग बघू तरी, धार कशी लागलीय."

फ्लॅश उडाला.
भिंतीवर तिचं नाक, हनुवटी, कापून काढल्यासारखी.
डोळे तिने मिटले नाहीत.

निघताना तिने रुमाल काढला,
सात इंची वाटीत हाऽ करून वाफ सोडली
आणि रेघांच्या आडव्या दिशेने घासत बसली.
बस चुकली तिची.