रकाना सात

जेट्टी-दुरुस्तीचा फॉर्म आलाय
समुद्र गृहीत धरून छापलेला.
रकाना सात : भरतीची कमाल पातळी.
रकाना आठ : ओहोटी.
रत्नागिरीहून बदली होऊन मला अकरा दिवस झालेत,
चांगदेवच्या संगमावर टेप धरून उभी आहे.
तापी आणि पूर्णा, दोघी गप्प.

धुडकू भोई नाव बांधतो.
लोखंडी कडी झिजून बांगडीएवढी राहिलीय.
"भरती? ती तं हतनूरवाले फोनवर कळवता, बाई.
दरवाजे लावले का चढते.
उघडले का आम्ही चिखलात."

खालच्या चार पायऱ्या दिसतच नाहीत.
पाचवीवर कुणी दिवा लावून गेलंय.
सहावीतून सळई निघालीय,
तिला लाल चिंधीची गाठ,
मेहूणला जाणाऱ्या बायांचा पाय वाचावा म्हणून.
आजवरची एवढीच दुरुस्ती.
तिला रकाना नाही.

फळीवरून मोटरसायकल नावेत चढते,
चौघे धरतात, पाचवा नुसता ओरडतो.
मागची मुलगी चपला हातात घेऊन
सळई न बघताच ओलांडते.

मी 'पक्का धक्का' खोडते,
'तरंगता' लिहिते :
पिंपांवरचा, पाण्याबरोबर चढेल, उतरेल.
"अन् पाणी पारच गेलं तं?"
मग बसेल गाळावर.
"आमच्यासारखा," धुडकू म्हणतो,
आणि पहिल्यांदाच टेपचं दुसरं टोक धरतो.

रकाना सातमध्ये मी
धरणावरच्या चौकीदाराचा मोबाइल नंबर टाकलाय.
कार्यालय विचारेल.
विचारू दे.