रकाना सतरा

करबिलावर यंदा एक रकाना वाढला आहे.
शाळा, वाचनालय, आगीचा बंब, डासांची फवारणी,
आणि सगळ्यांत खाली, सतरावा:
व्यसनोपचार.
साध्या दोन खोल्यांच्या घराला
वर्षाचे तेवीस डॉलर साठ सेंट.

एकेचाळीस मतांनी निसटता पास झाला.
एकेचाळीस म्हणजे आमच्या चर्चमधले
उजवीकडचे चार बाक,
तेही नाताळात.

मी काउंटीच्या खजिन्यात दुसऱ्या खिडकीशी बसते.
काचेखालच्या फटीतून लोक पैसे सरकवतात,
पैशांबरोबर मतंही.
"माझ्या पोरानं गोळीला हात लावला नाही, मी का भरू?"
माझं घर कधी पेटलं नाही, बंबाचे पैसे वजा करा,
असं म्हणणारा मात्र
बावीस वर्षांत कुणी आलेला नाही.
मी शिक्का मारते.
शिक्क्याला मत नसतं.

खाणीत पाठ गेलेल्यांना डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या,
नारिंगी बाटलीत, झाकणावर हसरा सूर्य.
पाठीनं दुखणं सोडलं,
माणसांनी बाटली सोडली नाही.
मग खाण बंद, दवाखाना बंद,
आणि नदीपलीकडून पावडर यायला लागली.
मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी ज्यांनी खाल्लं
त्यांचं बिल कुठल्या खिडकीत भरतात
ते मला ठाऊक नाही. या नक्कीच नाही.

मंगळवारी हॉबर्ट स्टिल्टनर आला.
चेक लिहिला, सतरावा रकाना सोडून.
मी तोंड उघडणार तेवढ्यात
त्यानं कॉफीचा डबा काउंटरवर उपडा केला.
अठरा डॉलर चाळीस सेंट, सगळी चिल्लर.
"मोज. आणि पावती वेगळी दे."
वेगळी होत नाही, मी म्हटलं.
"मग पाठीमागे लिही. लेटा."
त्याची मुलगी. पेट्रोल पंपाच्या संडासात सापडलेली,
दार आतून बंद, नळ चालू.
"हा कर पहिल्यांदा मताला आला ना,
तेव्हा मी 'नाही'वर फुली मारली होती.
लेटा तेव्हा होती."
बैल गेला न् झोपा केला, असं म्हणायलाही
त्यानं मला जागा ठेवली नाही.
मी लिहिलं. पेन दोनदा अडलं.

आता माझं सांगते.
मीही 'नाही'च म्हटलं होतं.
आत्ता, तिसऱ्या खेपेला, सगळं कळत असताना.
वेंडलनं आईची अंगठी विकली, गवत कापायचं यंत्र विकलं,
आईच्या दुखण्यातल्या शेवटच्या गोळ्या
मोजून निम्म्या नेल्या.
मी तिच्या उशाशी बसून उरलेल्या मोजल्या.
असल्या भावासाठी मी माझ्या खिशातून?
पडद्याआड उभी राहून मी म्हटलं: नाही.

समोरच्या चपलांच्या जुन्या दुकानात
आता औषध मिळतं, पहाटे साडेपाचपासून.
कराच्या दिवसांत मी लवकर येते, दिवा लावत नाही.
रांग दिसते.
नर्स, छप्परवाला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर,
कडेवर मूल घेतलेली एकजण,
आणि रस्तेकामाच्या नारिंगी जाकिटात वेंडल,
हातात जेवणाचा डबा.
अकरावा आठवडा. मोजते मी.
मोजणं हेच माझं काम.
आम्ही एकमेकांना हात करत नाही.

काल दुपारी तो खिडकीत आला.
चाकांवरच्या घराचाही कर असतो.
सतराव्या रकान्यात त्याचा वाटा:
एक डॉलर बारा सेंट.
घडी उलगडून, इस्त्री केल्यासारख्या सपाट
दोन नोटा त्यानं फटीतून सरकवल्या.
मी अठ्ठ्याऐंशी सेंट परत दिले.
अंगठीचं मी विचारलं नाही,
तो बोलला नाही.
नखं स्वच्छ होती त्याची. डांबर फक्त कडांना.

"मागे रांग आहे," तो म्हणाला
आणि बाजूला झाला.

मी शिक्का मारला.
जरा वाकडा बसला.