पाव, एक, सव्वादोन

विषय मृदा-यांत्रिकी.
पण फळ्यावर तसं लिहायचं नाही,
फळ्यावर सॉइल मेकॅनिक्स,
आणि जिन्यापाशी चिकटवलेल्या नोटिशीप्रमाणे
वर्गात फक्त इंग्रजी.
पुढच्या महिन्यात कमिटी यायची आहे.

कोपरखैरण्यातला हा चौथा मजला.
एकोणसाठ मुलं आणि मी.
साठांपैकी एकाचीही आई
इंग्रजीत रागावत नाही.

मी म्हणते, द सॅच्युरेटेड क्ले इज लोडेड.
पेनं चालू लागतात.
माझं वाक्य पूर्णविरामासकट वहीत उतरतं
आणि कुणाच्याही कपाळावर
आठी पडत नाही.
पडली असती तर बरं होतं,
आठी म्हणजे निदान कुठेतरी काहीतरी अडलं.

एनी डाउट्स?
आहेत. मला दिसतात.
पण शंकेला आधी व्याकरण लागतं,
इज की आर, हॅज की हॅव,
ते जुळेपर्यंत मी डस्टर उचललेलं असतं.

मीही अशीच बसले होते, पारनेरहून येऊन,
तिसऱ्या बाकावर.
पहिल्याच तासाला 'मोमेंट' ऐकलं
आणि सहामाहीपर्यंत क्षण समजत राहिले.
बलाला क्षण कसा असतो
हे विचारण्याइतकी इंग्रजी माझ्याकडे नव्हती.

म्हणून आज दार लोटून घेतलं.
म्हटलं, ही ओली चिकणमाती. हिच्यावर बिल्डिंग.
पहिल्या दिवशी भार कोण घेतं?
मातीचे कण नाही रे,
कणांमध्ये अडकलेलं पाणी. सगळाच्या सगळा.
मग ते वाट शोधत निघून जातं, फार सावकाश,
आणि जसजसं जातं तसतसा भार
कणांवर येतो.

मागच्या बाकावरून निकेश मढवी,
आठ आठवड्यांत पहिल्यांदा:
"मॅडम, निवट्या पकराला जातांव ना खारीन,
पाय ठेवला का पयलं पानी वर येतं,
मंग पाय बसतो."

वर्ग हसला.
मला ते वाक्य पुस्तकात हवं होतं,
एकशे बाराव्या पानावर, आकृतीच्या खाली.

युनिट टेस्टला प्रश्न होता, डिफाइन सेटलमेंट, गुण दोन.
त्यानं लिहिलं,
सेटलमेंट इज पीपल कम अँड लँड गो डाउन.

लाल पेन उघडून बसले.
चूक आहे. भाराचा उल्लेख नाही,
काळाचा नाही, निचऱ्याचा नाही.
आणि त्याच्या आजोबांचं खाचर
आमच्या पार्किंगच्या खाली कुठेतरी आहे,
साडेबारा टक्क्यांची फाइल अजून घरच्या कपाटात.
एक गुण दिला.
एचओडींनी हिरव्या शाईनं
त्याचा अर्धा केला.

काल लॅबमध्ये उशिरापर्यंत दिवा दिसला.
पितळी कड्यात खाडीची माती,
वर वजन, बाजूला डायल.
रकान्यात छापलेलं
झीरो पॉइंट टू फाइव्ह, वन, टू पॉइंट टू फाइव्ह,
रुमाना पटेल जर्नल उघडून बसलेली,
आणि निकेश पाठमोरा, हातात स्टॉपवॉच,
म्हणतोय,

पाव.
एक.
सव्वादोन.
चार.
सव्वासहा.

मध्ये मिनिटं जात होती. कुणी बोलत नव्हतं.
काटा उतरत होता,
डोळ्याला कळत नव्हतं, पण उतरत होता.

नऊ.

मी आले होते कमिटीच्या फायलींची किल्ली मागायला.
दारातच थांबले.

"सव्वाबारा," तो म्हणाला,
आणि रुमानानं
न विचारता रकाना भरला.